हिवाळ्याच्या चित्रात बर्फ कशाला? लहान मुलांना ऋतू शिकवा द्रोणागिरी दाखवून

करंजा (ता. उरण) : लहान पोराला ‘हिवाळ्याचं चित्र काढ’ असं सांगून बघा. बऱ्याच घरांत कागदावर बर्फाचा माणूस उतरेल. गाजराचं नाक, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी. यात पोराची चूक नाही. मोबाईलवरची गाणी, बाजारातले ‘सीझन्स’चे चार्ट, रंगवायची स्वस्त पुस्तकं, सगळीकडे हिवाळा म्हणजे बर्फ असंच दाखवलेलं असतं. करंज्यात बर्फ दिसतो तो बंदरावर, म्हावऱ्याच्या पेटीत. आणि तो काही हिवाळ्याची खूण नाही, उन्हाळ्यात तर जास्तच लागतो.

गंमत सोडली तर विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पनवेल-उरण पट्ट्यात ज्या गावांचं पोट हवामानावर चालतं, त्यांत करंजा पुढे आहे. होडी कधी लोटायची, बोंबील कधी सुकत घालायचे, भात कधी पेरायचा, हे सगळं आभाळाकडे बघून ठरतं. अशा गावातलं पाच वर्षांचं मूल ‘ऑटममध्ये पानं पिवळी होतात’ हे घडाघडा म्हणतं. पण जून लागला की आपल्या बाबाची होडी किनाऱ्यावर का असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तीच गोष्ट धोक्याच्या इशाऱ्यांची. ‘रेड अलर्ट’ म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ पुष्कळ पोरांना माहीत असतो.

अंगणवाडी आणि पहिली-दुसरीच्या वयात, म्हणजे साधारण तीन ते आठ वर्षांत, व्याख्या पाठ करून ऋतू कळत नाही. हाताने काढलेलं, रंगवलेलं, डोळ्यांनी रोज पाहिलेलं मात्र डोक्यात बसतं. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. लागतं ते दाराबाहेर बघणं.

हवा वेगळी, ऋतू वेगळा

मोठ्यांचाही इथे गोंधळ होतो, कारण आपण ‘हवामान’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. आज ढग आहेत, दुपारी वारा सुटला, संध्याकाळी सर पडली, ही झाली आजची हवा. ती तासातासाला बदलते. ऋतू म्हणजे कित्येक आठवडे साधारण एकाच वळणाची राहणारी हवा. पावसाळ्यातही कडक ऊन पडतं आणि मार्चमध्येही एखादी अवकाळी सर येते. म्हणून एका दिवसावरून ऋतू ठरत नाही, हे मुलाला कळलं तर निम्मं काम झालं.

पुस्तकातले ऋतू हाही एक घोळ आहे. आपल्याकडे सहा ऋतू सांगतात. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, पुढे शरद, हेमंत, शिशिर. आता आषाढात करंज्यात कोण म्हणेल ग्रीष्म आहे? तेव्हा तर छत्र्या उलट्या होत असतात. कोकणचा पाऊस जूनमध्येच येतो. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. इंग्रजी चार्टवरचे चार ऋतू तर थंड मुलखातले. लहान मुलांसाठी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तीनच पुरे. सहा ऋतूंची नावं पुढे शिकतील.

एकच डोंगर, अनेक चित्रं

करंज्याच्या पोरांकडे एक मोठी सोय आहे, जी शहरातल्या मुलांना नाही : समोर द्रोणागिरी डोंगर आणि खाडीपलीकडे रेवस. मारुतीराय द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा इथे पडला, ही आख्यायिका गावात लहानपणापासून ऐकायला मिळते. हाच डोंगर हवामानाचं पुस्तक म्हणून वापरता येतो.

महिन्यातून एकदा, एकाच जागी बसून मुलांनी तोच डोंगर काढायचा. मे महिन्यात तो पिवळट-तपकिरी, दगड उघडे पडलेले. जूनच्या शेवटी हिरवा. जुलैत माथा ढगात गेलेला, कधी डोंगर जागेवर आहे की नाही अशी शंका यावी इतका. ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागतं. जानेवारीच्या सकाळी धुरकट निळा. सहा-आठ चित्रं एका दोरीवर ओळीने लावली की ऋतू म्हणजे काय, ते कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही.

जपानमधल्या होकुसाई नावाच्या चित्रकाराने असंच केलं होतं. वयाच्या सत्तरीच्या आसपास, १८३० च्या सुमारास, त्याने फुजी पर्वताची चित्रमाला काढली. नाव ‘छत्तीस दृश्यं’, पण लोकांना एवढी आवडली की पुढे आणखी दहा काढली, एकूण ४६ झाली. त्यातल्या एका चित्रात फुजी सकाळच्या उन्हात लाल दिसतो. दुसऱ्यात माथ्यावर ऊन आणि खाली पायथ्याशी वीज चमकतेय. डोंगर तोच, हवा वेगळी. मोबाईलवर ही चित्रं सहज सापडतात. पोरांना दाखवायला हरकत नाही. मात्र आधी द्रोणागिरी काढून झाल्यावर. नाहीतर सगळे फुजीच काढत बसतील.

रेवसचा उपयोग वेगळा. रोज सकाळी एकच प्रश्न : समोरचा किनारा दिसतो का? स्पष्ट दिसतो, अंधूक दिसतो की अजिबात दिसत नाही? मुलाने कागदावर तीनपैकी एक रेघ मारायची : जाड, पुसट किंवा काहीच नाही. समुद्रावर हवा किती स्वच्छ आहे, हे खलाशी याच रीतीने बघतात. पोराला वाटतं खेळ चाललाय, पण शिकतंय ते खरं हवामानशास्त्र.

शाळेतलं ठरलेलं ‘निसर्गचित्र’ सगळ्यांना आठवत असेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि आभाळात चार आकड्यासारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी हे चित्र न बघता काढलं. करंज्याच्या मुलांना एवढंच विचारा : आपल्याकडे सूर्य कुठून उगवतो आणि कशाच्या मागे मावळतो? उत्तर शोधायला त्यांना बाहेर जावं लागेल. डिसेंबरात आणि मे महिन्यात एकाच जागेवरून मावळतीचं चित्र काढलं तर सूर्य जागा बदलतो हेही दिसेल. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकून मावळतो, मे-जूनमध्ये उत्तरेकडे.

सावलीचं चित्र तर त्याहून सोपं. अंगणात मुलाला भर दुपारी उभं करायचं आणि दुसऱ्याने खडूने त्याची सावली गिरवायची. डिसेंबरच्या शेवटी दुपारी साडेबाराच्या सुमाराची सावली जवळपास मुलाच्या उंचीएवढी पडते. मेच्या मध्याला त्याच वेळी सावली पायाखाली गुडूप होते. त्याला शून्य सावली म्हणतात. तसा दिवस जुलैच्या शेवटीही येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर नशीब. हिवाळ्यात ऊन तिरकं आणि उन्हाळ्यात डोक्यावर, म्हणून एकदा गार आणि एकदा गरम, एवढं कारण या वयाला पुरतं. पृथ्वीचा कललेला आस चौथी-पाचवीत बघू.

भिंतीवरची आभाळपट्टी

रोजच्या हवेसाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जुनं कॅलेंडर. मागची बाजू कोरी असलेलं मागच्या वर्षीचं पान उलटं करायचं, त्या बाजूला महिन्याचे चौकोन आखायचे. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मुलाने आभाळ बघून एक चौकोन रंगवायचा. ऊन असेल तर पिवळा, ढगाळ असेल तर करडा, पाऊस असेल तर निळा, धुकं असेल तर पांढरा तसाच सोडायचा. वारा जोराचा असेल तर त्यावर एक नागमोडी रेघ.

महिना संपला की मोजायचं. पिवळे किती, निळे किती? मे आणि जुलैची पानं शेजारी लावली तर न वाचता येणारं मूलही फरक सांगेल. एक पान पिवळं, दुसरं निळं-करडं. त्या जुलैच्या पानातही दोन-चार पिवळे चौकोन असतातच, आणि तिथेच हवा आणि ऋतू यांतला फरक कळतो. गणित, रंग आणि हवामान तिन्ही विषय एका पानावर होतात, अंगणवाडीच्या ताईंना वेगळा तास काढावा लागत नाही.

ज्यांच्या मोबाईलमध्ये हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप आहे, त्यांनी आणखी एक करावं. सकाळी मुलाने खिडकीतून बघून रंग ठरवायचा, मग ॲपमधलं चित्र उघडायचं. जुळतं का? कधी जुळत नाही, कारण अंदाज मोठ्या भागासाठी असतो आणि सर फक्त बंदरावरच पडलेली असते. क्रम मात्र तोच ठेवा. आधी आभाळ, मग मोबाईल.

बाटलीतला पाऊस

‘लय पाऊस पडला’ आणि ‘शंभर मिलिमीटर पडला’ यांतलं अंतर मुलांना दाखवायचं असेल तर पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या. सरळ बाजूंची, मध्ये खाचा नसलेली बघा. वरचा निमुळता भाग मोठ्यांनी कापायचा, उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. तळ सपाट नसतो, म्हणून आत थोडे खडे आणि पाणी घालून पातळी सारखी करायची. तिथे शून्याची रेघ. तिथून वर पट्टीने सेंटिमीटरच्या खुणा. बाटलीवर मुलांनी हवं ते रंगवावं, बेडूक, छत्री, होडी. पागोळ्यांपासून आणि झाडापासून दूर, उघड्यावर ठेवायची, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांच्या मध्ये.

हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. पोरांनीही तीच वेळ धरावी आणि मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकावं. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास पाणी चढलं तर खात्याच्या भाषेत ‘जोरदार’ पाऊस (६४.५ मिलिमीटरपासून पुढे), आणि वीस सेंटिमीटरच्या वर गेलं (२०४.५ मिलिमीटरपासून) तर ‘अतिवृष्टी’तलाही सगळ्यात वरचा प्रकार. मुलांनी रोज कागदावर तेवढ्याच उंचीची निळी पट्टी चिकटवायची. पट्ट्या शेजारी शेजारी लागत गेल्या की पावसाळ्याचा आलेखच तयार होतो, ‘आलेख’ हा शब्द न उच्चारता.

आणि मग एकदा भिंतीवर खडूने ९४ सेंटिमीटरची खूण करा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो वाहून न जाता साठला असता तर एवढा. तीन वर्षांच्या मुलाला त्या खुणेशी उभं केलं की पाणी जवळपास डोक्यापर्यंत येतं. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्या आजी-आजोबांना त्या वेळी शेजारी बसवा. पुढचं ते सांगतील.

पिवळा, केशरी, लाल

रंग ओळखणं हा अंगणवाडीतला पहिला धडा, आणि आज हवामानाचे इशारेही रंगांतच येतात. हवामान खातं जिल्हावार इशारा देतं. हिरवा म्हणजे काळजीचं कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी, ज्याला बातम्यांत ऑरेंज अलर्ट म्हणतात, म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हे रंग नुसत्या पावसाच्या आकड्यावर नसतात, त्यामुळे होणाऱ्या त्रासावरही असतात.

मुलांना कागदाचे चार गोल रंगवायला द्या आणि प्रत्येक गोलाच्या मागे त्या दिवशी आपण काय करायचं त्याचं चित्र काढायला सांगा. हिरव्यामागे अंगणात खेळणारं मूल. पिवळ्यामागे दप्तरात छत्री. केशरीमागे आईबरोबर भरून ठेवलेलं पाणी, चार्ज केलेला फोन, आत आणलेली सुकी मासळी. लालमागे घरात सगळे एकत्र, होडी बांधलेली, समुद्राकडे कुणीच नाही. इशारा आला की त्या रंगाचा गोल दारावर अडकवायचा. हे काम पोरं मोठ्या हौसेने करतात, आणि घरातल्या मोठ्यांनाही त्या दिवशी इशारा काय आहे ते कळतं. बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला म्हणजे काय, हे आजोबांकडून ऐकून तेही चित्र त्यात जोडता येईल.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं. आज अंगणवाडीत असलेली पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती किंवा तान्ही होती. घरचे सांगतील तेवढंच त्यांना माहीत. झाडं कशी पडली, पत्रे कसे उडाले, लाईट किती दिवस नव्हती, हे ऐकून त्यांना चित्र काढू द्या.

इथे एक गोष्ट सांभाळावी. ज्याचा बाप समुद्रावर जातो, त्या मुलाच्या चित्रात कधी काळं आभाळ आणि कलंडलेली होडी येईल. ‘असलं अभद्र काढू नको’ म्हणून कागद ओढून घेऊ नका. ‘मग पुढे काय झालं?’ एवढं विचारा. बहुतेक मूल स्वतःच मदतीला दुसरी होडी काढतं. नाही काढली तर जवळ बसा. भीती कागदावर आली, तर तिच्याबद्दल बोलता येतं.

करंज्याच्या वर्षाचे रंग

चार्टवरचं ‘स्प्रिंग-समर’ बाजूला ठेवलं तर इथल्या वर्षात काढण्यासारखं इतकं आहे की पानं पुरणार नाहीत.

जून लागला की मृगाची पहिली सर, मातीचा वास, लाल मखमली किडे, वलगणीचे मासे, बाजारात शेवळं आणि मागोमाग टाकळा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांची वीण वाढावी आणि खवळलेल्या दर्यात जीव जाऊ नयेत, म्हणून. किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्री घातलेल्या होड्यांची रांग हेच करंज्याच्या पावसाळ्याचं चित्र. समुद्राचा रंगही तेव्हा गढूळ, मातकट असतो. ‘समुद्र निळाच असतो’ असं म्हणून मुलाच्या हातात निळा खडू देऊ नका. त्याने तपकिरी घेतला असेल तर त्याचंच बरोबर आहे.

श्रावणात नारळी पौर्णिमा. नारळ, सजवलेल्या होड्या, पताका, दर्यावरचं ऊन. पाऊस ओसरला की बांबूच्या दांड्यांवर बोंबील. ते सुकायला कोरडी हवा लागते, म्हणून ते दिसले की समजायचं, पावसाळा सरला. कागदाच्या पट्ट्या कापून, दोन-दोन जोडून दोऱ्यावर अडकवल्या की पोरांचे बोंबील तयार. हिवाळ्याची खूण पाहिजे असेल तर बर्फाच्या माणसापेक्षा रोहित पक्षी किती सुंदर! उरणच्या पाणथळ जागांवर थंडीत गुलाबी पंखांचे थवे येतात. पाय काढायला काडी, पंखाला कुंकवाचं पाणी. उन्हाळ्यात मिठागरं, पांढऱ्या मिठाच्या राशी, करवंदं, जांभळं आणि पळस.

रंगसुद्धा ऋतूकडूनच घेता येतात. फाल्गुनात पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी. मे-जूनमध्ये जांभळाचा रस. गेरू, हळद आणि चुलीतला कोळसा बारा महिने आहेतच. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर भाजतो.

वाऱ्याचं काय? तो दिसत नाही, म्हणून त्याचं चित्र काढायला पोरं अडतात. माडाच्या पातीची भिंगरी करा किंवा काठीला कापडाची चिंधी बांधा. दुपारी चिंधी जमिनीकडे उडते, कारण जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून गार वारा येतो. ते खारे वारे. रात्री, पहाटे उलटं. जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई. डोलकरांना हे पाठ आहे, शाळेत ते भूगोलात येतं, आणि चिंधीला ते पाचव्या वर्षीच कळतं. पावसाळ्यात हा खेळ जमत नाही, तेव्हा नैऋत्येचा वारा बाकी सगळ्यांना दाबून टाकतो.

हत्ती आणि बेडूक

चित्रातून ऋतू शिकवणं आपल्याकडे नवं नाही, आपणच ते विसरत चाललोय. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात, तो हत्ती हस्त नक्षत्राचा. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो आणि पावसाचं शेवटचं मोठं पर्व सुरू होतं. हादगा हे नावही हस्तावरूनच आलं. चैत्रात तुळशीसमोर चैत्रांगण काढतात, दिव्यांच्या अवसेला दिवे, नागपंचमीला नाग, पोळ्याला मातीचे बैल. म्हणजे महिना कुठला चाललाय, हे अंगणातल्या चित्रावरून कळायचं.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, मोर, गाढव, कोल्हा असं. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर, असं जुनी माणसं म्हणतात. हा काही शास्त्रीय अंदाज नाही, पण मुलांसाठी खेळ मस्त आहे. मृगापासून हस्तापर्यंत त्या त्या वाहनाचं चित्र काढून ठेवायचं आणि बाटलीतला पाऊस शेजारी लिहायचा. म्हशीच्या पंधरवड्यात खरंच जास्त पडला का? अंदाज तपासून बघायची सवय अशी लागते. जपानमध्ये मुलं पांढऱ्या कापडाची छोटी बाहुली करून खिडकीला टांगतात, उद्या ऊन पडू दे म्हणून. आपली पोरं बेडकाची चित्रं टांगतील.

घराजवळचं साहित्य घेऊन शिकवायची वाट महाराष्ट्राच्या याच किनाऱ्यावर, उत्तरेला डहाणू तालुक्यात, फार आधी पाडली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून ‘अंगणवाडी’. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांजवळ. महागडी परदेशी शिक्षणसाधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पानं, खडे, शिंपले हेच साहित्य झालं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. आज करंज्यातल्या ताईंच्या हातात छापील तक्ते असतात. ते वाईट नाहीत, पण शिंपले अजून किनाऱ्यावरच पडलेत.

मोठ्यांनी हात आवरावा

एक अडचण नेहमीची. पोर चित्र काढायला बसलं की आई, ताई किंवा दादा म्हणतो, ‘दे इकडे, मी नीट काढून देतो.’ मग चित्र नीट होतं आणि मुलाचं बघणं थांबतं.

लहान मूल आभाळ म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी काढतं, जमीन म्हणजे खालची एक रेघ, मध्ये सगळं कोरं. ही चूक नव्हे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या, त्यात ही पायरी जगभरच्या मुलांची म्हणून दाखवली आहे. मुलाला विचारा, ‘या मधल्या जागेत काय आहे?’ ‘हवा’ असं उत्तर आलं तर तिथूनच धडा सुरू करा. पाऊस आभाळातून जमिनीवर येताना या जागेतून जातो ना? मग वारा असेल तर रेघा सरळ येतील की तिरक्या? मूल खिडकीत जाऊन बघेल आणि पुढच्या चित्रात रेघा तिरक्या होतील.

बाहेर नेताना नियम साधे. वीज कडाडत असेल तर घरातच बसून चित्र. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते ताईंनी फोनमध्ये ठेवावं. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी धक्क्यावर पोरांना नेऊ नये. अमावास्या-पौर्णिमेची भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी कुठवर चढेल सांगता येत नाही.

कागदाचं तेवढं बघावं लागतं. जुलैच्या दमट हवेत चित्रांना बुरशी लागते, खळीने चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात. म्हणून प्रत्येक चित्राचा लगेच मोबाईलवर फोटो घ्यावा, मागे तारीख आणि मुलाचं नाव लिहावं, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवावेत. ऑक्टोबरात ऊन पडलं की काढून दोरीवर लावायचे, बोंबलांच्या दांड्यांपासून जरा लांब.